मौजेच्या बंदुका : हेतू आणि सामर्थ्य

या मालेत आपण गेले काही आठवडे 'उपयोग' या कल्पनेभोवती फिरतो आहोत. एखादी वस्तू उपयोगी आहे म्हणजे नेमकं काय आहे, आणि उपयोग नसलेली वस्तू माणूस जिवापाड का जपतो, हा प्रश्न मागच्या खेपेला अर्धवट राहिला होता. आज तो पुढे न्यायचा आहे, आणि त्यासाठी उदाहरण घेतलंय ते जरा वेगळं आहे : बंदूक. सैनिकाची नव्हे, पोलिसाची नव्हे, गुंडाचीही नव्हे. जिचा व्यवहारात काही उपयोग नाही आणि तरीही जिच्यावर मालक हजारो डॉलर खर्च करतो, ती मौजेची बंदूक.

आपल्यापैकी बहुतेकांचा बंदुकीशी पहिला संबंध दिवाळीत आला. टिकल्यांचं पिस्तूल. रोल घालायचा, चाप ओढायचा, की घोडा टिकलीवर आपटायचा. फट् असा आवाज, थोडा धूर आणि तो विशिष्ट वास. त्यातल्या निम्म्या टिकल्या फुसक्या निघायच्या, पण त्याने आपलं काही बिघडत नव्हतं. त्या पिस्तुलाने आपण कोणाचं काही करू शकत नव्हतो. मजा होती ती घोडा, टिकली, आवाज आणि वास यांची. आता कल्पना करा, की मोठेपणी कोणी नेमकी हीच मजा घेतोय, फक्त त्याच्या हातातली वस्तू खरी आहे. आजचा आपला विषय हा मोठा झालेला मुलगा आहे. तो मुख्यतः अमेरिकेत भेटतो, कारण तिथे कायदा, जागा, पैसा आणि परंपरा या चारही गोष्टी त्याच्या बाजूने आहेत.

आधी त्याचं कपाट उघडून पाहू. चार नमुने पुरेत.

पहिला नमुना 'जायरोजेट'. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात रॉबर्ट मेनहार्ट आणि आर्ट बील या दोघांच्या कंपनीने हे पिस्तूल काढलं. यातून गोळी सुटत नाही, सुटतं ते बोटाच्या पेराएवढं रॉकेट. तेरा मिलिमीटर जाडीचं. त्याच्या बुडाशी तिरकी भोकं असतात. त्यांतून वायू बाहेर पडतो आणि रॉकेट स्वतःभोवती फिरत पुढे जातं. कल्पना झकास होती. नळीत दाब तयार होत नाही, म्हणून पिस्तूल हलकं करता येतं, आणि हाताला धक्काही जवळपास बसत नाही. पण गोम अशी, की साध्या पिस्तुलाची गोळी नळीतून बाहेर पडताना सर्वांत वेगात असते, तर रॉकेट त्या क्षणी सर्वांत मंद असतं. वेग पुढे गेल्यावर येतो. म्हणजे शत्रू जितका जवळ, तितकं हत्यार दुबळं! शिवाय नेमही धड लागेना. धंदा फुसका ठरला. आज त्या एकेका रॉकेटला शंभर डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, आणि तरीही ते विकत घेऊन उडवणारे लोक आहेत.

दुसरा नमुना 'वेब्ली-फॉसबरी'. हे आपोआप फिरणारं रिव्हॉल्व्हर आहे. १९०१ साली ते इंग्लंडमध्ये बाजारात आलं. त्याचा कल्पक जॉर्ज फॉसबरी हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेचा अधिकारी होता. वायव्य सरहद्दीवरच्या अंबेला मोहिमेत १८६३ साली त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. म्हणजे प्रत्यक्ष लढाई पाहिलेला माणूस. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बार झाला, की नळी आणि गोळ्यांचं चाक धक्क्याने मागे सरकतं, चाकावरच्या नागमोडी खोबणीत एक खुंटी फिरते, चाक पुढच्या गोळीवर येतं आणि घोडाही आपोआप चढतो. नेमबाजांना ते फार आवडलं. पण कोणत्याही सैन्याने ते अधिकृत हत्यार म्हणून स्वीकारलं नाही. पहिल्या महायुद्धात काही अधिकाऱ्यांनी ते स्वतःच्या पैशाने नेलं, तेव्हा कळलं की ती सुंदर खोबण खंदकातल्या चिखलाने बुजते.

तिसरा आणि चौथा नमुना जोडीने पाहू, कारण ते दोन टोकांचे आहेत. ऑस्ट्रियातल्या फ्रान्झ फानल या घड्याळजीने १९१४ साली 'कोलिब्री' नावाचं पिस्तूल काढलं. कोलिब्री म्हणजे गुंजनपक्षी. गोळीची जाडी २.७ मिलिमीटर, वजन ग्रॅमचा पाचवा हिस्सा. पर्समध्ये ठेवून स्वसंरक्षण करावं, अशी त्यामागची कल्पना. आणि दुसऱ्या टोकाला 'स्मिथ अँड वेसन ५००', साल २००३. लांब नळीचं घेतलं तर वजन दोन किलो, गोळ्या पाच. कोलिब्रीच्या गोळीत ऊर्जा असते सुमारे ४ ज्यूल. पोलिसांच्या नेहमीच्या नऊ मिलिमीटर पिस्तुलात सुमारे ५०० ज्यूल, आणि या राक्षसाच्या दमदार काडतुसात साडेतीन हजारांच्या घरात. म्हणजे कोलिब्रीच्या जवळजवळ नऊशे पट! मोठ्या श्वापदाच्या शिकारीला ते चालतं हे खरं. पण पुष्कळ मालक ते रेंजवर नेतात, एक-दोन बार काढतात, मनगट चोळतात आणि हसत हसत पुढच्याच्या हातात देतात.

आता आपला प्रश्न. यात मजा कसली आहे?

एक उत्तर असं, की ही मजा विचाराची आहे. यशस्वी यंत्रात विचार दिसत नाही, कारण सगळी यंत्रं पुढे तशीच होतात आणि आपल्याला वाटतं की दुसरा मार्गच नव्हता. फसलेलं यंत्र मात्र सांगतं, की दुसरा मार्ग होता आणि कोणीतरी त्यावर चालून पाहिलं. नागमोडी खोबणीचं ते चाक म्हणजे धातूत गोठलेला एक युक्तिवाद आहे. तो चुकला, पण तो बुद्धिमान होता. तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवताना आम्ही तरी दुसरं काय करत आलो? ज्यांची मतं आज कोणी मानत नाही त्यांचे ग्रंथ उघडायचे, आणि तो विचार आतून चालवून पाहायचा. संग्रहालयाच्या काचेतली बंदूक म्हणजे मिटलेला ग्रंथ. ती उडवून पाहणं म्हणजे तो वाचणं.

दुसरं उत्तर खेळाचं. कबड्डीत चढाई करणाऱ्याने एका दमात 'कबड्डी कबड्डी' का म्हणायचं? समोरच्याला शिवून परत यायचं एवढाच हेतू असेल, तर श्वास घेऊन जाणं किती सोपं! पण मग खेळच उरत नाही. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची हीच मांडणी केली. सोपी वाट मोकळी असताना आपण आपखुशीने अवघड वाट धरतो, आणि ती धरता यावी म्हणूनच धरतो, हे त्यांच्या मते खेळाचं लक्षण. ठासणीची बंदूक उडवणारा आधुनिक माणूस हेच करतो. त्याला आज सेकंदात भरता येणारी रायफल दुकानात मिळते. तरीही तो दारू मापाने मोजतो, नळीत ओततो, कापडाच्या तुकड्यात शिशाची गोळी गुंडाळतो, गजाने ठासतो, टोपी बसवतो, आणि मग एक बार काढतो. जुन्या काळचा तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. याला घाई नसते. काळी दारू जळाली, की तिचा निम्म्याहून अधिक भाग घनकणांच्या रूपात उरतो, म्हणून तो पांढरा दाट धूर येतो आणि निशाण काही क्षण दिसेनासंच होतं. आणि नळीत राहिलेली राख हवेतली ओल ओढून लोखंड खाते, म्हणून त्याच संध्याकाळी गरम पाण्याने बंदूक धुवावी लागते.

अमेरिकेत हा काही चार चक्रम माणसांचा उद्योग नाही. ठासणीच्या रायफलींची त्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ साली स्थापन झाली. इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या खेड्यात तिची रेंज आहे. यादवी युद्धाच्या काळातल्या बंदुकांचे सांघिक सामने भरवणारी दुसरी संघटना १९५० पासून आहे. तिथे मातीच्या तबकड्या फोडायच्या असतात. जुन्या बंदुका महाग, म्हणून उत्तर इटलीतल्या ब्रेशा परिसरातले कारखाने त्यांच्या हुबेहूब प्रती बनवतात. न्यू ऑर्लिन्सच्या ल माट नावाच्या डॉक्टरने १८५६ साली पेटंट घेतलेलं, नऊ गोळ्या आणि मधोमध छर्‍यांची एक जादा नळी असलेलं ते बोजड रिव्हॉल्व्हरही तिथे नव्याने बनतं. कायदाही इथे सैल आहे. १९६८च्या संघीय कायद्याने १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि ठासणीच्या तसल्या प्रती नेहमीच्या बंदुकांच्या नियमांतून बऱ्याच अंशी वगळल्या. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत, तो भाग निराळा.

याच्या उलट बाजूला मशीनगन. १९३४च्या कायद्याने तिच्यावर नोंदणी आणि २०० डॉलर कर लावला. १९८६च्या मे महिन्यानंतर बनलेली मशीनगन खासगी माणसाला घेता येत नाही. म्हणजे बाजारातला साठा गोठला, आणि किमती लाखांत, आपल्या रुपयांत म्हणाल तर कित्येक लाखांत गेल्या. बरं, इतकं करून होतं काय? मिनिटाला सातशेच्या वेगाने वीस गोळ्या दोन सेकंदांच्या आत संपतात. पैशाचा धूर निघणं आपण म्हणतो ना, तो इथे डोळ्यांनी बघायला मिळतो.

इथपर्यंत सगळं गमतीचं झालं. आता अवघड भागाकडे येऊ.

संग्राहक म्हणतो, 'माझी बंदूक निरुपयोगी आहे, म्हणून ती निरुपद्रवी आहे.' हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो. त्यात थोडं तथ्यही आहे, कारण जायरोजेट घेऊन दरोडा घालायला कोणी जात नाही. पण यातला 'म्हणून' तपासायला हवा. निरुपयोगी असणं हा वस्तूचा गुण आहे का?

आपल्या कोकणाकडे बघा. तिथे शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात. रानडुकरं आणि माकडं पीक ठेवत नाहीत, म्हणून. ती बंदूक तिथे कोयत्या-कुदळीसारखी अवजार आहे. तशाच जातीची बंदूक इंडियानात खेळणं आहे. लोखंड तेच, लाकूड तेच, दारूही तीच. बदललं ते वस्तू आणि माणूस यांच्यातलं नातं. खंडेनवमीला आपण अवजारं पूजेला मांडतो आणि त्या दिवशी त्यांना काम लावत नाही. लहानपणी पुस्तकंही पूजेत जायची आणि अभ्यासाला सुट्टी मिळायची. म्हणून त्या दिवशी कोयता कापायचा विसरत नाही. आपण एका दिवसापुरता त्याचा उपयोग बाजूला ठेवलेला असतो, इतकंच.

सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी खरं काय आणि भासमान काय, याला एक कसोटी दिली : अर्थक्रिया. जे काही कार्य घडवू शकतं, ते खरं. चित्रातल्या पाण्याने तहान भागत नाही, माठातल्या पाण्याने भागते. ही कसोटी आपल्या कपाटाला लावू. टिकल्यांचं पिस्तूल नावाचंच पिस्तूल आहे, पिस्तुलाचं कार्य ते करू शकत नाही. ल माटची नवी प्रत मात्र पूर्णपणे खरी आहे, मालकाने ती जन्मभर मातीच्या तबकड्यांवरच का चालवेना. इवलीशी कोलिब्रीसुद्धा डोळा फोडू शकते. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करू. हेतू माणसाकडे असतो, सामर्थ्य वस्तूकडे असतं. मालक हेतू बदलू शकतो. दिवाळीच्या मुलाइतका निर्मळ करू शकतो. सामर्थ्य त्याच्या मनाप्रमाणे बदलत नाही.

हा शब्दांचा खेळ नाही, याचं एक उदाहरण देतो, आणि ते दुःखद आहे. 'बंप स्टॉक' नावाचा एक प्लास्टिकचा दस्ता होता. रायफलला तो बसवला, की बाराच्या धक्क्याने रायफल मागे-पुढे सरकते आणि स्थिर ठेवलेल्या बोटावर चाप स्वतःच येऊन आपटत राहतो. साधी रायफल मशीनगनसारखी धडधडते. २०१० साली संबंधित सरकारी खात्याने कळवलं, की ही मशीनगन ठरत नाही. जाणकार नेमबाज त्याची चेष्टा करत. नेम लागत नाही, काडतुसं वाया जातात, पैसे उधळायचं खेळणं, असं त्याचं वर्णन होई. अव्यवहार्य पण मजेदार, अगदी आपल्या आजच्या विषयाच्या व्याख्येत बसणारी वस्तू. १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास वेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून खालच्या संगीतमैफलीतल्या गर्दीवर हजारावर गोळ्या झाडल्या. त्याच्या अनेक रायफलींना हाच दस्ता होता. त्यात ६० माणसांचा जीव गेला, शेकडो जखमी झाली. जिथे हजारो माणसं दाटीने उभी आहेत, तिथे नेम लागायची गरजच काय? निशाणासाठी जो दोष होता, तो गर्दीसाठी दोष राहिला नाही. निरुपयोगीपणा त्या दस्त्यात कधीच नव्हता. तो रेंजवरच्या माणसांच्या हेतूत होता, आणि हा माणूस वेगळा हेतू घेऊन आला. २०१९ मध्ये त्या दस्त्यावर बंदी आली आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. न्यायालयापुढचा वाद मशीनगनच्या कायदेशीर व्याख्येचा होता. आपल्यापुढचा प्रश्न त्याहून जुना आहे.

कोणी म्हणेल, एका माथेफिरूवरून लाखो सज्जन संग्राहकांना का तोलता? बरोबर आहे. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीच. पण माथेफिरू हा एकच धोका नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून अधिक मृत्यू झाले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त आत्महत्येचे होते. म्हणजे बऱ्याचदा हेतू बदलणारा माणूस बाहेरून येत नाही. तो घरातलाच असतो, कधी स्वतः मालकच असतो. एखाद्या वाईट रात्री खेळणं पुन्हा हत्यार होतं, आणि त्यासाठी वस्तूत कणभरही बदल व्हावा लागत नाही. म्हणून कपाटाला कुलूप लावायचं ते केवळ चोरासाठी नाही. आजच्या आपल्या हेतूवर उद्याच्या आपल्यासाठी विसंबून राहू नये, म्हणून.

आपल्याकडे हा छंद फारसा नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली प्रत्येक बंदुकीला परवाना लागतो, आणि २०१९च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. पण बंदुकीची मौज आपल्याकडे नाही असं नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची हौस उत्तरेत किती जणांच्या जिवावर बेतली आहे! त्याच दुरुस्तीने तसल्या बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. वरातीतल्या त्या माणसाचा हेतू तरी कुठे वाईट असतो? तो आनंदातच असतो. वर गेलेली गोळी मात्र खाली येते.

मग रेंज आणि वरात यांत फरक काय? हेतू दोन्हीकडे आनंदाचाच. फरक शिस्तीचा आहे. चांगल्या रेंजवर चार नियम लहान मुलालाही पाठ असतात, आणि ते जेफ कूपर या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावाने ओळखले जातात. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजा. जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. निशाण कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. पहिला नियम तर्काला विचित्र वाटेल. बंदूक रिकामी आहे हे आताच पाहिलं, तरी ती भरलेली समजायची? पण हा नियम ज्ञानाचा नाहीच, वृत्तीचा आहे. मला काय माहीत आहे आणि मला काय हवं आहे, हे दोन्ही बाजूला ठेवून ही वस्तू काय करू शकते तेवढंच पाहा, असं तो सांगतो. धर्मकीर्तींना तो समजायला अडचण पडली नसती.

छोटे रिवाजही तसेच. दारू थरमसासारख्या भांड्यातून थेट नळीत ओतायची नाही, आधी वेगळ्या मापात घ्यायची. कारण मागच्या बाराची ठिणगी नळीत जिवंत असू शकते, आणि मग हातातलं सगळं भांडंच उडेल. ते पाचशेचं राक्षसी रिव्हॉल्व्हर नवख्याला देताना त्यात एकच काडतूस भरायचं. धक्क्याने बोट आवळून दुसरा बार निघाला, तर नळी तोवर कुठे वळलेली असेल ते सांगता येत नाही. हे रिवाज मजा कमी करत नाहीत. कबड्डीतल्या दमासारखे तेही खेळाचा भागच आहेत. ते असतात तोवर खेळ हा खेळ राहतो.

तेव्हा मौजेची बंदूक ठेवणाऱ्याला आपण दोन प्रश्न विचारू शकतो. तुला तिच्यात काय आवडतं, हा पहिला. त्याचं उत्तर बहुधा चांगलं असतं, आणि ते मन लावून ऐकावं. त्यात यंत्राचं प्रेम असतं, इतिहास असतो, हाताचं कौशल्य असतं. दुसरा प्रश्न असा, की तुला जे आवडतं ते सोडून ती आणखी काय करू शकते, आणि त्याची तजवीज तू काय केली आहेस? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन जो दुसऱ्यातून सुटू पाहतो, त्याच्या हाती टिकल्यांचं पिस्तूलच बरं.

हे दोन प्रश्न फक्त बंदुकीपुरते नाहीत, हे आपल्या ध्यानात आलंच असेल. वेगाची मोटरसायकल असो की घरात हौसेने पाळलेला दांडगा कुत्रा, तिथेही ते तसेच लागू पडतात. पुढच्या खेपेला आपण वेगाकडे वळू. आज इथे थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ.